दमा आणि शुगर दोन्ही असताना तापात काय सांभाळायचं

पावसाळ्यात सर्दी-ताप कुणालाही होतो, पण दमा आणि शुगर दोन्ही असलेल्या माणसाची छाती भरते आणि जेवण जात नसलं तरी शुगर वर जाते, कारण तापात शरीर स्वतःच रक्तात साखर सोडत असतं. म्हणून "काही खाल्लंच नाही तर गोळी कशाला" असं म्हणून सगळं बंद करू नका. इन्सुलिन तर स्वतःच्या मनाने अजिबात बंद करायचं नाही. शुगरच्या गोळ्यांचं डॉक्टरांना फोन करून विचारा. उलट्या-जुलाब असतील तर मेटफॉर्मिन, डापाग्लिफ्लोझिन सहसा काही दिवस थांबवायला सांगतात, आणि ग्लिमेपिराइड घेऊन जेवलं नाही तर शुगर एकदम खाली येऊ शकते.

आता स्टिरॉइडच्या गोळ्या. दमा जास्त झाला की प्रेडनिसोलोनसारखी गोळी देतात, ती सकाळी घेतली की शुगर दुपारनंतर चढायला लागते आणि संध्याकाळपर्यंत बरीच वर जाते, पण दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी बघितलं तर जवळजवळ नॉर्मल! म्हणजे फक्त सकाळी तपासणाऱ्याला पत्ताच लागत नाही. दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्री जेवायच्या आधी बघाच, वाढलेली दिसली तर डॉक्टरांना आकडा सांगा, ते शुगरचं औषध वाढवून देतील. शुगरच्या भीतीने स्टिरॉइड सोडू नका, श्वास आधी. दम्याच्या रोजच्या पंपाने (इनहेलरने) शुगरवर फारसा फरक पडत नाही, तो चालूच ठेवा, फक्त नंतर चूळ भरून टाका, शुगरवाल्यांना तोंडात बुरशी लवकर होते.

नेब्युलायझर (औषधाची वाफ देणारं मशीन) किंवा धाप लागल्यावर घ्यायचा साल्ब्युटामॉलचा पंप घेतल्यावर आमच्या आईचे हात थरथरतात, छातीत धडधडतं, आणि तिला वाटतं शुगर कमी झाली, लगेच साखर मागते. अशा वेळी हात धुऊन, पुसून आधी ग्लुकोमीटर लावायचा. 70 च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि 15 मिनिटांनी परत तपासा. मशीन जवळ नसेल तर मात्र वाट न बघता साखर द्या.

याहून फसवी गोष्ट म्हणजे धाप. शुगर खूप वाढून रक्तात कीटोन (शरीर साखरेऐवजी चरबी जाळतं तेव्हा तयार होणारी आम्लं) साठले की माणूस खोल आणि भराभर श्वास घेतो आणि घरच्यांना वाटतं दमाच आहे, पंपावर पंप देत बसतात. छातीत शिट्टी वाजत नाहीये, पंपाने काही फरक नाही, पोटात दुखतंय, उलट्या होतायत, तोंडाला फळासारखा गोडसर वास येतोय, तर हॉस्पिटल गाठा. लघवीतले कीटोन तपासायची पट्टी मेडिकलमध्ये मिळते, ती घरात ठेवा आणि शुगर 250 च्या वर राहत असेल तर तपासा. डापाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांना शुगर फार वाढलेली नसतानाही हे होऊ शकतं, हे घरातल्या सगळ्यांना माहीत हवं.

काढा हवा तर घ्या पण गूळ-मध नको, खोकल्याचं औषध शुगर-फ्री मागा. जेवण जात नसेल तर थोडी थोडी पेज, मुगाचं कढण, आणि पाणी सारखं घोट घोट.

एक वाक्य सलग बोलता येत नाही, ओठ निळसर दिसतायत किंवा पंप घेऊनही धाप तशीच आहे, तर 108 ला फोन करा, आणि निघताना औषधांची यादी व शुगरचे आकडे लिहिलेला कागद सोबत घ्या.