निविदा भरायची की सोडायची?

आमचा स्टील फर्निचरचा छोटा कारखाना आहे. महाटेंडर्स आणि जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर रोज काही ना काही निघतंच, आणि दिसेल ती निविदा भरण्यात ऑफिसची अर्धी ताकद जायची. आता दर काढायच्या आधी कागद वाचतो.

पात्रतेची उलाढाल आणि तशाच कामाचा अनुभव नसेल तर तांत्रिक लिफाफ्यातच, म्हणजे दर उघडण्याआधीच, बाद होणार, मग पुढचं वाचतच नाही. उद्यम नोंदणीमुळे (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) केंद्राच्या खरेदीत बयाणा रक्कम, म्हणजे निविदेसोबत भरायची अनामत, माफ होते. पण काम मिळालं की सुरक्षा अनामत बहुधा भरावी लागते आणि ती अडकून पडते. हा हिशेब आधीच करायचा.

सगळ्यात बोलकं असतं ते स्पेसिफिकेशन. पत्र्याची जाडी, कुलूप, रंग, अगदी मिलिमीटरपर्यंतची मापं एकाच कंपनीच्या कॅटलॉगशी जुळत असतील आणि मुदतही तुटपुंजी असेल, तर माल कुणाचा घ्यायचाय हे उघड आहे. (अशा वेळी चिडण्यात अर्थ नाही.) निविदापूर्व बैठकीत लेखी प्रश्न विचारतो. अट सैल झाली तर भरतो, नाहीतर सोडतो.

मग त्याच खात्याचे जुने निकाल बघतो. सर्वात कमी दर आमच्या पत्रा-मजुरीच्या खर्चाखाली असेल, तर रामराम.

राहिलं बिल. लघुउद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात किती लागतात हे आधीच्या पुरवठादाराला फोन केला की कळतं. तो मोकळेपणाने बोलतो, कारण त्याचंही तिथं अडकलेलं असतं.