नोकरी शोधायला बसण्याआधीची एक संध्याकाळ

निकाल लागला की नोकरीच्या साइटवर बायोडाटा चढवायचा आणि फोनची वाट बघायची, हा आता घराघरातला क्रम झालाय. पण त्या फोनांत खोट्या नोकऱ्या दाखवून फसवणारेही असतात, म्हणून तो पहिला फोन यायच्या आधी एक संध्याकाळ तयारीला द्या. फोन आल्यावर विचाराला वेळ मिळत नाही, कारण तो मिळू नये याची काळजी समोरचा भामटाच घेत असतो. फसलेल्या मुलांना लोक बावळट म्हणतात तेव्हा मला फार वाईट वाटतं. त्यांना कामाची गरज असते, नातेवाईक रोज विचारत असतात, आणि त्या गरजेवरच कुणीतरी नेमकं बोट ठेवतो.

सुरुवात बायोडाट्यापासून करा. त्यात नाव, शहर, शिक्षण, फोन आणि ईमेल एवढं पुरतं. आधार, पॅन, जन्मतारीख, घरचा पूर्ण पत्ता काढून टाका. जमलं तर नोकरीसाठी वेगळा ईमेल आणि वेगळं सिम ठेवा, जे बँकेला जोडलेलं नाही. मग त्या नंबरवर कुणी ‘बँकेतून बोलतोय’ म्हणाला, तर तो खोटा आहे हे ऐकताक्षणी कळतं. आधार देणाऱ्या यूआयडीएआय या संस्थेच्या साइटवरून मास्क्ड आधार उतरवून ठेवा. त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात. सगळं जुळून आल्यावर कागद द्यावेच लागले, तर झेरॉक्सवर कशासाठी आणि कोणत्या तारखेला दिले ते आडवं लिहा. दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम चालू आहेत तेही त्याच बैठकीत बघून घ्या.

मग घरच्यांसमोर बोलून एक गोष्ट पक्की करा: नोकरी मिळावी म्हणून कुणालाही पैसे द्यायचे नाहीत. रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग किट, लॅपटॉपचं डिपॉझिट, मेडिकल, गेट पास, नाव काहीही असो. ‘पहिल्या पगारात परत मिळतील’ हे वाक्य आलं की फोन ठेवायचा. सरकारी भरतीचं परीक्षा शुल्क असतं, पण ते जाहिरातीत छापलेलं असतं आणि अधिकृत साइटवरच भरायचं असतं, कुणा साहेबांच्या यूपीआयवर नाही. तलाठी किंवा जिल्हा परिषदेच्या जागेसाठी ‘आतून सेटिंग’ सांगणाऱ्याला घरात बसवूसुद्धा नका.

ऑफर आली तर कंपनीची साइट स्वतः टाइप करून उघडा, तिथला फोन नंबर घ्या आणि विचारा. मेसेजमधल्या लिंकवरून जाऊ नका. कंपनी खरी आहे एवढ्यावर निर्धास्त होऊ नका, कारण भामटे खऱ्या, मोठ्या कंपन्यांचीच नावं वापरतात; ईमेलच्या पत्त्यात एखादंच अक्षर इकडचं तिकडे असतं. मुलाखत न घेता हातात पडलेलं ऑफर लेटर खोटंच धरा. आणि ते बघायला फोनमध्ये काही इन्स्टॉल करावं लागत नाही. एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल, आली तर उघडू नका.

सगळ्यात जास्त मुलं अडकतात ती ‘घरबसल्या टास्क’मध्ये, म्हणून ते नीट समजून घ्या. व्हॉट्सॲपवर मेसेज येतो: व्हिडिओ लाइक करा, हॉटेलांना रेटिंग द्या. पहिले शे-दोनशे रुपये खरोखर खात्यात जमा होतात. हेच आमिष. मग टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये घेतात. तिथे बाकीचे कमाईचे स्क्रीनशॉट टाकत असतात, आणि ते भामट्यांचेच साथीदार असतात. पुढे ‘प्रीपेड टास्क’ येतात: हजार भरा, तेराशे मिळतील. एका साइटवर तुमची शिल्लक वाढताना दिसते, पण काढायला गेलात की कधी टॅक्स, कधी दंड, कधी ‘तुमच्या चुकीने ग्रुपचं नुकसान झालं’. आधीचे सोडवण्यासाठी पुन्हा भरायचे. पडद्यावरचा तो आकडा पैसा नसतोच. दर वेळी वेगळ्याच माणसाच्या खात्यात पैसे भरायला सांगतात, एवढी एक खूण लक्षात ठेवली तरी पुरे.

ती खाती कुठून येतात? ती भाड्याने घेतलेली असतात, पुष्कळदा तुमच्याच वयाच्या मुलांकडून. ‘खातं वापरायला द्या, कमिशन घ्या’ ही नोकरी नाही. चोरीचा पैसा तुमच्या खात्यातून फिरला की खातं गोठतं आणि पोलीस आधी तुमच्याच दारात येतात. पासबुक, एटीएम कार्ड, सिम मित्रालाही देऊ नका.

परदेशी डेटा एंट्रीची नोकरी आली, तर एजंटची नोंदणी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. नोंदणीकृत एजंटला ३०,००० रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. ‘टुरिस्ट व्हिसावर या, तिथे बदलून देऊ’ म्हणाला तर विषय संपवा. बँकॉकला म्हणून निघालेली कित्येक मुलं म्यानमारच्या सीमेवरच्या घोटाळ्यांच्या अड्ड्यांवर पोहोचली आणि तिथे त्यांना लोकांना फसवण्याच्या कामाला जुंपलं. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी तिथून सुटलेल्या ५०० हून अधिक भारतीयांना परत आणावं लागलं.

आईबाबांनाही सोबत बसवा. यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच नाही, हे त्यांच्याकडून वदवून घ्या. पोलीस असल्याचं भासवून कुणी धमकावलं, तरी व्हिडिओ कॉलवर अटक होत नाही, ‘डिजिटल अरेस्ट’ असं कायद्यात काही नाही, हेही सांगा. असा फोन आला तर कापून आधी तुम्हाला कळवायचं, आणि तुम्ही रागवायचं नाही. रागावण्याच्या भीतीनेच माणसं गप्प राहतात आणि हातचे तास जातात.

१९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी हेल्पलाइन नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये सेव्ह करा. पैसे गेले तर आधी तिथे आणि बँकेत फोन, मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँक प्रत्येक व्यवहाराला देते तो वेगळा नंबर), रक्कम, वेळ, समोरच्याचा नंबर हाताशी ठेवा. चॅट पुसू नका. तक्रारीनंतर ‘तुमचे पैसे सोडवून देतो, फी भरा’ असा फोन आला, तर तो त्याच टोळीचा किंवा तिच्या भाऊबंदांचा समजा. १९३० वर तक्रारीला एक रुपयाही लागत नाही.