शॉवरच्या काचेखालून बाहेर झिरपणारं पाणी: माझा अनुभव

बाथरूममध्ये ८ मिमी टफन्ड काचेचं पार्टिशन आणि दार बसवलं. आंघोळीनंतर दहा-पंधरा मिनिटांनी स्थिर काचेच्या खालच्या अ‍ॅल्युमिनियम चॅनेलमधून (काच ज्या खाचेच्या पट्टीत बसते तिच्यातून) पाणी बाहेर यायचं. दाराखालची रबरपट्टी मात्र ठीक होती.

आधी आतून सिलिकॉन भरलं, मग त्यावरच आणखी एक थर. गळती वाढली. दोन महिने रोज पायपुसणं पिळून जीव मेटाकुटीला आला.

चूक त्या आतल्या सिलिकॉनचीच होती. चॅनेलमध्ये वरून शिरलेल्या पाण्याला आत परतायला वाटच उरली नव्हती.

आतलं-बाहेरचं सगळं सिलिकॉन ब्लेडने खरवडलं, कारण जुन्यावर नवं धरत नाही. स्पिरिटने पुसून रात्रभर सुकू दिलं. मग फक्त बाहेरून, ग्रॅनाइटच्या उंबऱ्याला आणि भिंतीला लागून, सलग रेघ ओढली. कोपऱ्यात हात थांबवू नका, फट तिथेच राहते. आतली खालची कड मोकळी ठेवली. २४ तास शॉवर बंद. आता बाहेरची फरशी कोरडी असते.

हे करण्याआधी स्पिरिट लेव्हल (बुडबुड्यावरून उतार दाखवणारी पट्टी) ठेवून उंबऱ्याचा उतार तपासा. तो बाहेरच्या बाजूला असेल तर आधी उंबराच दुरुस्त करावा लागेल.