उपग्रहचित्रांचे आकडे वापरताना या चुका टाळा

ठाणे खाडीतली कांदळवनं जानेवारी २०२२ च्या अखेरीस एकाएकी सुकली, असं दाखवणारा आलेख विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत वारंवार दिसतो. एनडीव्हीआय, म्हणजे हिरवाई मोजणारा निर्देशांक, ०.७ वरून ०.४ वर येतो आणि तिथेच थांबतो. मग भरावाला, सांडपाण्याला, अगदी मे २०२१ मध्ये येऊन गेलेल्या तौक्ते वादळालाही दोष दिला जातो. झाडं मात्र होती तशीच असतात.

बदललेला असतो तो आकडा. २५ जानेवारी २०२२ पासून युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांच्या चित्रांसाठी प्रक्रिया आवृत्ती ०४.०० लागू झाली आणि पिक्सेलच्या आकड्यांत १००० मिळवले जाऊ लागले. गडद पाण्यावर किंवा सावलीत नॉइजमुळे (मोजणीतल्या यादृच्छिक चढउतारामुळे) परावर्तन शून्याच्या खाली जातं. फाइलमध्ये शून्य म्हणजे ‘डेटा नाही’, त्यामुळे असे आकडे आधी छाटले जायचे. ते टिकावेत म्हणून ही सोय.

कांदळवनाचा एक पिक्सेल घ्या: लाल पट्ट्यात १४००, निअर इन्फ्रारेडमध्ये ३४००. परावर्तन काढायला नुसतं १०००० ने भागलं तर ०.१४ आणि ०.३४, म्हणजे एनडीव्हीआय (दोन्हींतला फरक भागिले बेरीज) ०.४२. आधी १००० वजा केले तर ०.०४ आणि ०.२४, म्हणजे ०.७१. सगळी ‘सुकलेली’ झाडं या एका वजाबाकीत परत येतात.

इथे घाई करणारे कोडमध्ये तारखेची अट टाकून मोकळे होतात. ते पुरत नाही. जुनी चित्रंही नव्या आवृत्तीने पुन्हा तयार झाली आहेत, तेव्हा २०१९ च्या चित्रातही हे १००० असू शकतात. फाइलच्या नावात ‘एन’ पुढचे चार अंक बघा: ०४०० किंवा त्यापुढचे असतील तर वजाबाकी करायची. मेटाडेटातली (चित्रासोबतच्या माहितीतली) ऑफसेटची, म्हणजे मिळवलेल्या-वजा करायच्या आकड्याची, नोंदही वाचा. उलट गूगल अर्थ इंजिन या ऑनलाइन मंचाचा ‘हार्मोनाइज्ड’ संच घेतला असेल तर वजाबाकी आधीच झालेली असते. पुन्हा केली की गडद पिक्सेल ऋण होतात.

खात्रीसाठी पाणी तपासायची सवय लावा. मुंबईचा किनारा गाळाने गढूळ, तो चालत नाही. उन्हाळ्याआधीच्या निरभ्र दिवशी तानसा तलावाच्या मध्यावरचे पिक्सेल घ्या. लेव्हल-२ए मध्ये (वातावरणाचा परिणाम काढलेल्या चित्रात) तिथलं निअर इन्फ्रारेड परावर्तन जेमतेम एक-दोन टक्के असायला हवं. अकरा-बारा टक्के आलं तर १००० तसेच राहिलेत.

दुसरी चूक जुन्या हार्ड डिस्कवरची. अमेरिकेचा लँडसॅट-८ उपग्रह फेब्रुवारी २०१३ मध्ये सुटला. त्याच्या उष्णता मोजणाऱ्या टीआयआरएस उपकरणात चित्राच्या चौकटीबाहेरचा प्रकाश शिरत होता. ३०० केल्विनच्या आसपास पट्टा १० सुमारे दोन, तर पट्टा ११ चारहून अधिक अंशांनी जास्त गरम वाचत होता. २०१४ च्या सुरुवातीला ठरावीक वजाबाकी करून सगळा साठा पुन्हा तयार केला गेला. पण हा प्रकाश दर चित्रात सारखा नसतो, म्हणून २०१७ मध्ये चित्रानुरूप दुरुस्ती आली. जमिनीचं तापमान काढायची स्प्लिट-विंडो पद्धत दोन पट्ट्यांतल्या फरकावरच उभी असते आणि तो फरक बऱ्याचदा एक-दोन अंशांचाच. २०१३ ची मूळ फाइल त्यात घालणं म्हणजे सगळी मेहनत पाण्यात. डाउनलोडचा कंटाळा करू नका: जुनी फाइल काढून टाका आणि पाथ १४८, रो ४७ (मुंबईच्या चित्राचा क्रमांक) चं कलेक्शन-२, म्हणजे सुधारित संच, नव्याने उतरवा.

कलेक्शन-२ च्या लेव्हल-२ मधल्या तापमान पट्ट्यातला आकडा थेट तापमान नसतो. त्याला ०.००३४१८०२ ने गुणायचं, १४९ मिळवायचे आणि २७३.१५ वजा करायचे. ४५६०० चे ३१.७ अंश सेल्सिअस होतात. परावर्तनाचा गुणक आणि ऑफसेट वेगळे, म्हणजे ०.००००२७५ आणि उणे ०.२. एकाचे दुसऱ्याला लावू नका.

लँडसॅटच्या लेव्हल-१ (वातावरणाचा परिणाम न काढलेल्या) परावर्तनाला सूर्याच्या उन्नती कोनाच्या साइनने भागायला विसरलात तर डिसेंबर आणि मे यांची तुलनाच होत नाही.

पावसाळ्यात ढगांचा मुखवटा लावल्याशिवाय (ढगाळ पिक्सेल वगळल्याशिवाय) सरासरी काढू नका.

आणि एकेका सोसायटीचं तापमान सांगण्याचा मोह आवरा. लँडसॅटच्या तापमानाचा पिक्सेल ३० मीटरचा दिसतो, पण मोजमाप १०० मीटरचं असतं. शिवाय नवा पत्रा उष्णता कमी उत्सर्जित करतो, त्यामुळे धारावीतलं तापलेलं छप्पर प्रत्यक्षापेक्षा थंड दिसू शकतं.