जुना ट्रॅक्टर घेताना

तासगावकडच्या द्राक्षबागेत ओळींमधून फवारणी करायची असेल, तर १८ ते २८ अश्वशक्तीचा अरुंद ट्रॅक्टर पुरतो. वाळव्याच्या काळ्या रानात उसासाठी खोल नांगरट करायची झाल्यास मात्र तो दमतो. ट्रॅक्टर पाहायला सकाळी, इंजिन थंड असतानाच जावे, कारण आधीच तापवून ठेवलेले इंजिन आपली दुखणी लपवते. गरम झाल्यावरही निळसर धूर येत राहिला, तर ऑइल जळते आहे असे समजावे. मागे जोडलेला रोटाव्हेटर, म्हणजे माती भुसभुशीत करणारे अवजार, उचलून इंजिन बंद करावे. तो लगेच खाली बसू लागला, तर हायड्रॉलिकच्या, म्हणजे अवजार उचलणाऱ्या यंत्रणेच्या, दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करून मागावा. नव्या रंगाला तर मुळीच भुलू नये. पासिंग सांगलीचे असो वा साताऱ्याचे, आरसी बुकावरील बँकेचा बोजा उतरल्याची खात्री झाल्याशिवाय विसार देऊ नये.