आपल्याच नेत्याला जाब विचारताना: ठाणे-नवी मुंबईतल्या कार्यकर्त्यांसाठी

पुरोगामी गटांत नेत्यावरून जुंपते, तेव्हा त्याची चूक झाली की नाही यावर फारसा वाद नसतो. आपण घरोघर फिरून निवडून आणलेला नगरसेवक झाडतोडीला परवानगी देणाऱ्या वृक्ष प्राधिकरणाच्या बैठकीत मूग गिळून बसला, हे सगळ्यांनाच खटकलेलं असतं. भांडण पेटतं ते 'हे आत्ता, उघड बोलायचं का' यावरून. एक म्हणतो, विरोधकांच्या हाती कोलीत देऊ नका. दुसरा म्हणतो, मग आपल्यात आणि भक्तांत फरक काय? दहा मिनिटांत झाडं बाजूला राहतात आणि एकमेकांच्या निष्ठेची झडती सुरू होते.

म्हणून पहिलं काम एवढंच. दोन प्रश्न दोन वेगळ्या कागदांवर लिहा. काय घडलं आणि त्यात चुकलं काय, हा एक. ते कुठे, कधी आणि कुणी बोलायचं, हा दुसरा. पहिल्या कागदावर सह्या होईपर्यंत दुसरा उघडायचा नाही. निम्मे वाद इथेच शमतात, कारण पहिल्या कागदावर मतभेद नसल्याचं लोकांच्या प्रथमच लक्षात येतं.

आधी कागद, मग तोंड

'त्याने विरोध केला नाही' हे ऐकीव चालत नाही. महासभेचं किंवा समितीचं इतिवृत्त मिळवा. त्यात ठराव क्रमांक, सूचक, अनुमोदक आणि विरोध नोंदवला असेल तर तो सापडतो. सहज मिळालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, शुल्क १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्पही चालतो. उत्तराची मुदत ३० दिवस, नाही आलं तर त्यापुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. अर्ज फसतो तो बहुधा 'का' विचारल्यामुळे. 'सदस्यांनी विरोध का केला नाही' या प्रश्नाला माहिती अधिकारात उत्तर नसतं. 'अमुक तारखेच्या बैठकीच्या इतिवृत्ताची प्रत द्यावी' याला असतं.

दोन गोष्टी आधीच समजून घ्या, नाहीतर समोरचा पहिल्याच वाक्यात तुम्हाला गप्प करेल. एक, पॅनेल पद्धतीत एका प्रभागात साधारण चार नगरसेवक असतात. 'प्रभागातल्या नगरसेवकांनी काही केलं नाही' असं लिहिलंत की चौघंही एकमेकांकडे बोट दाखवून मोकळे. माणूस, तारीख, कृती, तिन्ही लिहा. दोन, पक्षादेश. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांच्या सदस्यांना १९८६ चा अनर्हता कायदा लागू आहे. पक्षाचा आदेश मोडून मत दिलं तर नगरसेवकपद जाऊ शकतं. तेव्हा आदेश निघालेला असताना 'सभागृहात विरोधात मत का दिलं नाही' यापेक्षा 'आदेश निघण्याआधी पक्षाच्या बैठकीत तुम्ही काय बोललात, आणि आदेश नव्हता त्या समितीत गप्प का होतात' हा प्रश्न जास्त टोकदार आहे. त्यातून पळवाट नाही.

शब्द निवडताना

टीकेची चार घरं करा: घटना, निर्णय, वागणूक, हेतू. पहिल्या तीन घरांत वाटेल तेवढं लिहा. चौथं रिकामं ठेवा. 'बिल्डरला विकला गेला' हे हेतूचं वाक्य आहे. पुरावा नसेल तर ते टीकेतून निघून बदनामीत जातं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीला दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे, आणि फौजदारी बदनामीत मजकूर खरा आहे एवढ्यावर सुटका नाही, तो लोकहिताचा आहे हेही दाखवावं लागतं. सार्वजनिक पदावरच्या माणसाच्या सार्वजनिक कामावर सद्भावनेने मत मांडायला कायद्यात जागा आहे. ती जागा वापरायची तर भाषा कामाबद्दलची हवी.

शेवटी मागणी एकच ठेवा, आणि नेत्याला नाक न घासता पुरी करता येईल अशी. २०२१ साली नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या संचालक मंडळाने नवी मुंबई विमानतळाला बाळासाहेब ठाकरे यांचं नाव देण्याचा ठराव केला. २४ जून २०२१ ला सिडको भवनावर प्रकल्पग्रस्तांचा मोठा मोर्चा गेला. तेव्हा राज्यात महाविकास आघाडीचं सरकार होतं आणि शेतकरी कामगार पक्ष आघाडीच्या बाजूचा होता, म्हणजे मोर्चा आपल्याच सरकारवर, अशी अनेकांची स्थिती. मागणी एका ओळीची होती: नाव प्रकल्पग्रस्तांचे शेकाप नेते दि. बा. पाटलांचं. बाळासाहेबांबद्दल वावगं बोलायची गरजच नव्हती. २९ जून २०२२ ला त्याच सरकारच्या शेवटच्या मंत्रिमंडळ बैठकीत पाटलांचं नाव देण्याचा निर्णय झाला. सत्ता जाताना का होईना, सही झाली. मागणी नऊ कलमांची असती तर सही कुठे करायची हेच कळलं नसतं.

कोण कुणाला बोलतंय

हा भाग गटांत सगळ्यात जास्त टाळला जातो आणि सगळ्यात जास्त माणसं इथेच तुटतात. नेता दलित, आगरी-कोळी, मुस्लिम किंवा बाई, आणि टीकेच्या मसुद्यावरच्या पहिल्या पाच सह्या नौपाडा-घंटाळीच्या किंवा वाशीच्या जुन्या सेक्टरांतल्या सुशिक्षित सवर्णांच्या, असं असेल तर मुद्दा कितीही खरा असला तरी तो वेगळाच ऐकू येतो. त्यावर 'आम्ही जात मानत नाही' हे उत्तर नव्हे.

मसुदा हाती घ्या आणि नेत्याच्या नावाच्या जागी त्याच पदावरच्या एखाद्या सवर्ण पुरुषाचं नाव घालून मोठ्याने वाचा. जी वाक्यं विचित्र वाटतील ती काढा. 'भाषण नीट करता येत नाही', 'समज कमी आहे', 'घरचेच सगळं चालवतात' ही वाक्यं या चाळणीत हमखास अडकतात. मग त्या समाजातल्या, त्या वस्तीतल्या किमान दोन कार्यकर्त्यांना मसुदा दाखवा. सह्या गोळा झाल्यावर नव्हे, लिहिताना. त्यांनी 'हे आम्ही आमच्या पद्धतीने बोलतो' म्हटलं तर तारीख ठरवून घ्या आणि तोवर थांबा.

दुसरी बाजूही तितकीच खरी. 'आमच्या नेत्याला जातीमुळे टोचता' ही ढाल प्रत्येक प्रश्नावर धरली गेली तर त्याच समाजातल्या टीकाकाराचा आवाज आधी दाबला जातो. तो बोलत असेल तर त्याला पुढे राहू द्या, आणि बाकीच्यांनी मागे टाळ्या पिटू नयेत. त्या टाळ्यांनी त्याच्या घरी त्याचं जगणं अवघड होतं.

मतभेद मोठे असले तरी काम अडत नाही, याचा दाखला ठाण्याच्याच माणसाचा आहे. ठाण्यात जन्मलेले नारायण मेघाजी लोखंडे 'दीनबंधू' हे सत्यशोधकांचं वृत्तपत्र चालवत होते. १८८३ मध्ये जोतीराव फुल्यांच्या 'शेतकऱ्याचा असूड'ची पहिली दोन प्रकरणं त्यात आली आणि पुढची लोखंड्यांनी थांबवली. फुले संतापले. पण लोखंडे सत्यशोधक कामातून गेले नाहीत. याउलट दलित पँथर १९७२ ला उभी राहिली आणि १९७४ मध्ये नामदेव ढसाळ आणि राजा ढाले या तिच्या नेत्यांतला वाद जाहीर होऊन फुटली. विचारांचा फरक खरा होताच. तो आधी मांडायला संघटनेत ठरलेली जागा नव्हती, हेही खरं.

बाबासाहेबांचं संविधान सभेतलं २५ नोव्हेंबर १९४९ चं भाषण, व्यक्तिपूजेबद्दलच्या इशाऱ्याचं, अशा वादात दोन्हीकडून फेकलं जातं. बैठकीत ते वापरू नका. वाचून दाखवलं की समोरचा भक्त ठरतो, आणि मुद्दा जिथल्या तिथे.

आधी पत्र

एक पान, हाताने दिलेलं, पोच घेतलेलं. घटना तीन ओळी, चूक काय ते दोन ओळी, मागणी एक ओळ, उत्तराची मुदत १५ दिवस. द्यायला दोघांनी जावं: एक नेत्याला मानणारा, एक कडक टीकाकार. दोघंही टीकाकार गेले तर नेता पत्र न वाचता माणसं मोजतो. दोघंही मानणारे गेले तर चहा होतो आणि पत्र खिशातच राहतं. वेळ मागून २० मिनिटं घ्या. वाढदिवसाच्या आठवड्यात जाऊ नका. (त्या आठवड्यात झाडांना खिळे ठोकून फलक आपल्याही नेत्यांचे लागतात. टीकेचा सराव करायचा तर तिथून सुरुवात करायला हरकत नाही.)

बैठक

उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर बैठक. रविवारी दुपारी ४ ते ६. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १८९० मध्ये लोखंड्यांच्याच चळवळीने मिळाली, तेव्हा रविवार या कामाला शोभतो. एकदा ठाण्यात, एकदा वाशी-नेरूळकडे. नेहमी ठाण्यातच घेतली आणि लांबली तर पनवेलकडची मंडळी ट्रान्स-हार्बर लोकल गाठायला आधी उठतात, ठराव त्यांच्या पाठीमागे होतो, आणि पुढचे सहा महिने 'ठाणेकरांनी ठरवलं' हेच ऐकावं लागतं.

२५ माणसं ही वरची मर्यादा धरा. दोन तासांचा हिशेब असा: १० मिनिटं पहिला कागद वाचणं, २५ जणांना प्रत्येकी ३ म्हणजे ७५ मिनिटं, १५ मिनिटं नेत्याच्या बाजूने बोलणाऱ्याला, २० मिनिटं ठरावाला. घड्याळ धरणारा सभाध्यक्षापेक्षा वेगळा हवा. बोलणाऱ्यांची नावं आधी चिठ्ठीवर घ्या आणि जे कधीच बोलत नाहीत त्यांना आधी बोलवा, ज्येष्ठ शेवटी. ज्येष्ठ आधी बोलले की बाकीचे 'साहेबांनी सांगितलं तेच' म्हणून खाली बसतात, आणि खरं मत जिन्यात कळतं.

दुसऱ्याचं म्हणणं खोडण्याआधी ते एका वाक्यात सांगायचं, आणि त्याने 'हो, हेच' म्हटल्यावर पुढे जायचं. सुरुवातीला पोरकट वाटतं. पण 'तू सत्तेचा दलाल' आणि 'तू विरोधकांचा हस्तक' ही दोन वाक्यं अशा फेरीत तोंडातून निघतच नाहीत.

ठराव बहुमताने झाला तर अल्पमताचं म्हणणं दोन ओळींत इतिवृत्तात घ्या, त्यांच्याच शब्दांत. ज्यांचं म्हणणं नोंदलं जात नाही ते संध्याकाळी फेसबुकवर नोंदवतात.

व्हॉट्सॲप आणि निवडणूक

ग्रुपवर फक्त तारीख, ठिकाण आणि कागद. वाद नाही. प्रत्येक संदेश नेत्याच्या फोनवर पोचणार हे धरूनच लिहा, कारण तो पोचतोच, आणि वरचं-खालचं कापून पोचतो. बदनामीकारक मजकूर पुढे पाठवणाराही अडकू शकतो, हे ॲडमिनने महिन्यातून एकदा टाकावं.

आचारसंहिता लागली की 'आत्ता वेळ नाही' याला थोडा अर्थ असतो. पण 'नंतर'ला तारीख नसेल तर तो नकारच. त्यामुळे मतदानाआधी थकीत मुद्द्यांची यादी करा, सह्या घ्या आणि निकालानंतरच्या तिसऱ्या रविवारची बैठक तेव्हाच जाहीर करा. नेता जिंकला तरी, हरला तरी. हरलेल्या नेत्याची चूक काढायला कुणी येत नाही, म्हणून ती पुढच्या उमेदवाराकडे जशीच्या तशी जाते. अपवाद एकच: हिंसा, लैंगिक छळ किंवा जातीय शिवीगाळ. तिथे मतदानाची वाट पाहायची नाही, पत्राचे १५ दिवसही द्यायचे नाहीत. पीडित व्यक्तीला काय हवं ते आधी विचारायचं आणि तक्रारीत तिच्यासोबत उभं राहायचं.

उघड निवेदन काढायचंच ठरलं तर ते १२० शब्दांच्या आत, सह्या करणाऱ्यांच्या पूर्ण नावांनिशी, आणि पत्रकारांना देण्याच्या २४ तास आधी नेत्याच्या हाती. नेत्याने चूक दुरुस्त केली की तेही त्याच पत्रकारांना, त्याच सह्यांनिशी, आठवड्याच्या आत कळवा आणि त्या कात्रणाची एक प्रत पहिल्या कागदाला टाचून फाइलमध्ये ठेवा.