साड्यांना आरएफआयडी टॅग लावताय? जरीपासून लांब लावा

राजवाड्याजवळ आमचं साड्यांचं दुकान, माहेश्वरी आणि चंदेरी जास्त. दिवाळीआधी स्टॉक मोजायचा म्हणजे दोन रात्री जागून एकेक साडी स्कॅनरसमोर धरायची, शेवटी कंटाळून टॅग घेतले, आणि पहिल्याच मोजणीत भरलेल्या रॅकमधल्या अर्ध्या साड्या गायब!

तर आधी हे समजून घ्या. टॅग म्हणजे गाडीच्या काचेवरचा फास्टॅग असतो ना, त्याच जातीचा, फक्त लहान. आत बॅटरी नसते, रीडरच्या, म्हणजे टॅग वाचणाऱ्या यंत्राच्या, रेडिओ लहरींवरच चिप जागी होते आणि आपला नंबर सांगते, त्यामुळे घडी मोडावी लागत नाही, दोन-तीन मीटरवरून ढिगाने वाचले जातात. पण त्या लहरींना धातूचं वावडं, आणि जरीत धातू असतो. आम्ही टॅग पदरात खोचले होते, म्हणून घोळ. आता दोऱ्याने साध्या काठाला लटकवतो, आणि थप्पीत एक डावीकडे एक उजवीकडे, कारण टॅग एकमेकांना चिकटून राहिले तरी वाचत नाहीत. लोखंडी कपाट असेल तर दार उघडून मोजा.

रीडर ऑनलाइन स्वस्त दिसला तरी फ्रिक्वेन्सी बघा. आपल्याकडे ८६५ मेगाहर्ट्झपासूनचा पट्टा चालतो, अमेरिकेचा ९०२ ते ९२८ आहे, तो माल उचलू नका. आणि एकदम हजार टॅग नको, पन्नास मागवून आपल्याच मालावर लावून बघा, टॅग विकणाऱ्याचा डेमो सुती टॉवेलवर छानच होतो भिया.

खरं कष्टाचं काम सॉफ्टवेअरमध्ये आहे. बारकोडमध्ये एका डिझाइनच्या दहा साड्यांना एकच नंबर चालायचा, इथे प्रत्येक साडीचा वेगळा, तो जुन्या कोडला जोडत बसावं लागतं, आम्हाला तर पुतण्याला बसवावं लागलं.

बारकोड मात्र काढू नका, टॅगवरच छापून घ्या, चिप मेली तर बिल त्यावर होतं. मोजताना रीडरची पॉवर कमी ठेवा, नाहीतर भिंतीपलीकडच्या गोदामातला मालही मोजला जातो. बिल झालं की टॅग कापून डब्यात टाका आणि तो डबा मोजणीच्या दिवशी दुकानात ठेवू नका, आम्ही ठेवला होता, स्टॉक दीडशेने वाढला.